आधी गाव, मग घर

महेशचा बँकॉकहून फोन आला, तेव्हा मी इकडे लातुरात त्याच्याच आईच्या उशाशी बसलो होतो. मी बातमी सांगणार, तेवढ्यात तोच विचारून मोकळा झाला, "काका, आई जेवली का?" गावभर गोष्टी रंगवून सांगणारा मी... फोन कानाला धरून वहिनींच्या अंगावरची चादर सारखी करत बसलो.

कुसुमवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, त्याच दुपारी झोपेतच गेल्या होत्या. त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारे त्यांच्या शिस्तीविषयी बोलतात, त्यांच्या हातच्या पुरणपोळीविषयी बोलतात. मला मात्र आमचा बँकॉकमधला एक दिवस आठवत राहतो.

महेश तिकडे नोकरीला. त्याला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. दादा त्याआधीच वारलेले, म्हणून वहिनींसोबत मी निघालो. विमानात मी खिडकीला नाक लावून, तर वहिनी मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. महेश विमानतळावर न्यायला आला. गाडीत बसताबसता वहिनी म्हणाल्या, "आधी गाव बघू, मग घर."

"आई, बाळ वाट बघतंय."

"डोळे तरी धड उघडतेत का तिचे अजून? चल."

मी तर हरखलोच. एका मंदिरात भलामोठा सोनेरी बुद्ध कुशीवर पहुडलेला. मी त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत डुलत चालत गेलो, वळून पाहिलं, तर वहिनी छताकडे बघत उभ्या. पुढच्या मंदिरातही तेच. मी देव बघायचो, त्या खांब आणि छत बघायच्या. फुलबाजारात झेंडूच्या राशी दिसल्यावर जरा खुलल्या. नदीतल्या उघड्या बोटीतून तर उतरायलाच तयार नव्हत्या. बागेत एक दांडगी घोरपड माणसांमधून ऐटीत निघाली होती. "भावजी, मुंडी कशी वर धरून चाललीय बघा. लग्नात मिरवताना तुम्ही असेच दिसताव."

ऊन उतरलं. महेश म्हणाला, "आता घरी." तर म्हणाल्या, "एखादं देऊळ राहिलं असंल की..."

शेवटी गाडी त्याच्या इमारतीपाशी थांबली. वहिनींनी मान वर केली, आणखी वर केली. "कितवा?"

"चौदावा."

त्या खालच्या बाकावर बसल्या, त्या उठेचनात. तेव्हा कुठे मला दिवसभराची भटकंती उमगली. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी वहिनी गणपतीसाठी औशापलीकडच्या त्यांच्या माहेरी होत्या. अंगणात निजल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांची आई आत होती, ती माळवदाच्या जड छताच्या मातीखाली गेली. त्यानंतर वहिनी कधी वरच्या मजल्यावर राहिल्या नाहीत. दादांनी घरावर मजला चढवायचं नाव काढलं, की वहिनींचं अंथरूण अंगणात. आमच्या घरावर अजूनही मजला नाही.

महेशने बायकोला फोन लावला. "आई, तू फक्त हो म्हण. रेवती बाळाला खाली आणते."

आता पंचाईत अशी, की सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही हा हुकूम वहिनींनीच लातुरातून सोडलेला. मोडायचा तर एका शब्दाचं काम होतं. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या...

"नको. वारं लागंल लेकराला." आणि उठल्या. "भावजी, हात द्या."

लिफ्टचं दार लागलं. माझ्या मनगटात त्यांची बोटं रुतली होती. मी, मी सुद्धा, गप्प. तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "बोला की कायतरी! एरवी तर तोंड थांबत न्हाई."

मी काय बोललो ते आठवत नाही. वर गेल्यावर त्यांनी हातपाय धुतले, नातीला छातीशी धरलं. मग तिला घेऊनच घरभर फिरल्या. जेवणाचं टेबल जाड लाकडाचं होतं. त्यावर दोनदा मूठ आपटून पाहिली, त्याखाली दुपटं अंथरलं आणि बाळाला तिथं निजवलं. स्वतः शेजारी जमिनीवर बसल्या. रेवतीनं महेशकडे पाहिलं. त्या तिथं राहिल्या तोवर पोरीचं अंथरूण टेबलाखालीच होतं.

ती पोर आता शाळेत जाते. त्या टेबलाची गोष्ट तिनं फोनवर आजीकडून कितीदा तरी ऐकलीय. परवा फोनवर महेश दिसला, ती दिसेना. त्याने फोन खाली धरला. टेबलाखाली उशी घेऊन बसली होती.

"आजी गेली म्हणून सांगितल्यापासून इथंच असते, काका. म्हणते, आजीला इथं आणायचं ना... इथं काही होत नाही."