अकराव्या मजल्यावरचा दुधी

मी मुळातच भित्रा माणूस आहे. गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारा. त्यामुळे बाबांनी बाल्कनीत निळ्या ड्रममध्ये दुधी लावला तेव्हा मी डेंग्यूला घाबरलो. पाणी साचेल, डास होतील, घरोघरी तपासणीला येणारी माणसं आपल्याला नोटीस देतील. नको त्या गोष्टीला आधी घाबरून घ्यायचं, ही माझी जुनी खोड.

आई गेल्यावर आम्ही बाबांना खडवली गावाहून बाळकुमला आमच्या फ्लॅटवर आणलं. त्यांनी दोन पिशव्या आणल्या. एकीत कपडे होते, दुसरीत माती. पुढे गावी गेले की दर खेपेला ते पिशवीभर माती घेऊन यायचे, आणि आमची बायको लिफ्टमधली सांडलेली माती पुसून यायची. घरात ते फारसं बोलत नसत. विचारलं की 'बरंय' म्हणायचे. जेवायला वाढलं की 'बास' म्हणायचे. दुधीचं बी रुजलं त्या दिवशी मात्र ते मला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेले आणि म्हणाले, "यंदा नंबर लावायचा."

आमच्या गावात उन्हाळ्यात यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात प्रदर्शन भरतं. बायका कुरडया-पापड मांडतात, कोणी टोपल्या विणून आणतं, आणि शेतमालाच्या स्पर्धा होतात. सगळ्यात जास्त गर्दी दुधीला. नियम साधे आहेत. वजन जास्त त्याचा नंबर. सालीला नख लागलेलं चालत नाही. आणि देठ हिरवागार हवा, म्हणजे त्याच सकाळी कापलेला. बाबा वर्षानुवर्षं तिथे दुधी नेत आले. आई आजारी पडली त्या वर्षी तेवढा नेला नव्हता.

वेल भराभर वाढला. बाल्कनीबाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलच्या गजांतून त्याने डोकं बाहेर काढलं आणि तो ग्रिलच्या तळाखाली उतरला. तिथे, बाहेरच्या बाजूला, एक फळ धरलं. बोटाएवढं होतं तेव्हाच ते आत ओढून घ्यायला हवं होतं. पण मी त्याच्याकडे बोट दाखवताच बाबांनी माझा हात खाली केला. "कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, कुजतं." मीही हात खिशात घातला. आठ दिवसांनी पाहिलं तर दुधी माझ्या दंडाएवढा झाला होता आणि दोन गजांमधून आत येईल ही शक्यता संपली होती.

आता तो अकराव्या मजल्यावर, ग्रिलच्या खाली, हवेत लटकत होता. बरोबर खाली वॉचमनकाकांची खुर्ची.

सांगतो ते खरं सांगतो, त्या दिवसापासून मला धड झोप नाही. मी ऑफिसातून दिवसातून चार वेळा बायकोला फोन करायचो. "आहे का?" एवढंच विचारायचो. ती म्हणायची, "आहे हो, लटकतोय." सकाळी कामावर जाताना खाली उभा राहून मान वर करून बघायचो, आणि मग लक्षात यायचं की आपण नेमके त्याच्याच खाली उभे आहोत. मग बॅग डोक्यावर धरून पळायचो. संध्याकाळी सायकली फिरवणारी पोरं त्या कोपऱ्यातून वळली की मी हातातलं टाकून बाल्कनीत धावायचो. एवढ्या उंचीवरून एवढं वजन कोणाच्या डोक्यात पडलं तर काय होईल, हे मी मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की पोलीस चौकीत मी काय जबाब देणार तेही पाठ झालं होतं.

वॉचमनकाकांना खुर्ची हलवायला लावावी म्हणून मी खोटं बोललो. "काका, इथे एसीचं पाणी गळतं वरून."

"गळू दे ना साहेब," ते म्हणाले, "गार वाटतं."

खरं सांगायची हिंमत नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरींना कळलं असतं तर त्याच दिवशी वेल कापायला लागला असता. तसं व्हायला हवं होतं हेही मला कळत होतं. दोनदा मी कात्री घेऊन बाल्कनीत गेलो. दोन्ही वेळा बाबा तिथे स्टुलावर बसलेले होते. गजांतून हात घालून ते दुधीची मान चाचपत होते. मला म्हणाले, "देठ बघ कसा धरलाय. काय नाय होत रे." मी कात्री पाठीमागे लपवली आणि त्यांना शेंगदाण्याचा लाडू हवा का विचारलं. ते नको म्हणाले.

शेवटी मी कांद्याची जाळीची गोणी आणली. गजांतून दोन्ही हात घालून बाबांनी ती दुधीला खालून चढवली आणि नायलॉनच्या दोरीने ग्रिलला बांधली. मी दोरी तीन ठिकाणी बांधायला लावली. बाबांनी मला हसत विचारलं, "अरे, हा दुधी आहे का म्हैस?" पण बांधली. मला थोडं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, गोणी हलायला लागली, आणि दोरी गजावर घासून तुटेल ही नवी भीती सुरू झाली.

वीस दिवस असे गेले. मी रोज त्या दुधीकडे बघत होतो. केवढा झाला, किती किलोचा असेल, देठ पिवळा पडलाय का. घरात दुसरं काही बघितल्याचं मला आठवत नाही. बायको एकदा म्हणाली होती, "बाबांच्या पँटी सैल झाल्यात, नवीन घ्यायला हव्यात." मी म्हटलं, प्रदर्शन झाल्यावर बघू.

प्रदर्शनाच्या दिवशी उजाडताच कापायचं ठरलं. आगीच्या वेळी बाहेर पडायला म्हणून ग्रिलला एक छोटं दार ठेवलेलं असतं, त्याचं कुलूप गंजलं होतं. तेल सोडून ते उघडलं. दुधी त्या दारापासून हातभर लांब आणि खाली. मी दारातून डोकं बाहेर काढलं, खाली पाहिलं, आणि डोकं आत घेतलं. 

"सरक," बाबा म्हणाले. "तू मला धर."

"बाबा, नको. काही नको. राहू दे तो दुधी."

"अरे धर म्हणतो ना."

ऐंशी वर्षांचा माणूस कमरेपर्यंत अकराव्या मजल्याच्या बाहेर. एका हातात विळा, दुसऱ्या हाताने गोणीचं तोंड धरलेलं. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली होती आणि दोन्ही पाय ग्रिलला रोवले होते. बायको खाली वॉचमनकाकांना चहाच्या निमित्ताने लांब घेऊन गेली होती. मी डोळे घट्ट मिटले. इतकी वर्षं देवाला हात जोडले असतील, पण असं काकुळतीला येऊन कधी मागितलं नव्हतं. आधी दोऱ्यांवर, मग देठावर विळ्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, "ओढ."

मी सगळा जोर एकवटून ओढलं. बाबा दुधीसकट इतक्या झटक्यात आत आले की आम्ही दोघं बाल्कनीच्या लादीवर मागे आडवे झालो. दुधी त्यांच्या छातीवर. नख लागलं नव्हतं, देठ हिरवागार होता. बाबा हसत सुटले. माझ्या अंगात एवढं बळ कुठून आलं याचं मलाच नवल वाटलं. भीतीने येत असेल, मी म्हटलं.

गाडीत बाबांनी दुधी मांडीवर घेतला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि मधोमध पोती तोलायचा मोठा काटा ठेवला होता. परीक्षक गावातलेच, बाबांच्या ओळखीचे. त्यांनी दुधी उलटासुलटा करून पाहिला.

"कुठं पिकवला?"

"बाळकुमला."

"बाळकुमला शेत कुठं राहिलंय?"

"अकराव्या मजल्यावर," बाबा म्हणाले, "पण माती आपलीच हाय."

मांडव हसला. दुधी साडेसात किलो भरला. एका शेतावरचा नऊ भरला होता, म्हणून आमचा दुसरा नंबर आला. बाबांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. आई गेल्यानंतर मी त्यांना इतकं बोलताना पाहिलंच नव्हतं. जो येईल त्याला ते गोणी, दोरी, मी बाहेर काढून लगेच आत घेतलेलं डोकं, सगळं रंगवून सांगत होते. मीही हसत होतो. महिनाभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून नेलं होतं. आता कोणाच्याही डोक्यात काही पडणार नव्हतं.

काटा रिकामा होता. बाबा चपला काढून त्यावर उभे राहिले आणि तोलणाऱ्याला म्हणाले, "माझाबी नंबर लाव की रे."

त्याने सकाळपासून जशी भाजीची वजनं ओरडून सांगितली होती तसंच ओरडून सांगितलं, "एक्केचाळीस!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात जोडून नमस्कार केला.

दिवाळीच्या आधी मीच त्यांना बीपी तपासायला नेलं होतं. तेव्हा वजन बावन्न किलो होतं. मला तो आकडा नीट आठवत होता, कारण डॉक्टरांनी तेव्हाही 'वजन कमी आहे, नीट खायला घाला' म्हणून सांगितलं होतं. मी काट्यावर उभ्या बाबांकडे पाहिलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. सदऱ्याच्या गळ्यातून हाड वर आलं होतं. सकाळी मी ज्यांना एका झटक्यात आत ओढलं ते हे. माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते माझं बळ समजलो होतो.

मला ग्रिलच्या दारात वाटली नव्हती एवढी भीती तिथे भरदुपारी सपाट जमिनीवर वाटली.

परत निघताना मी त्यांना गाडीत बसवलं, सीटबेल्ट लावला आणि लावलेला बेल्ट पुन्हा ओढून पाहिला. बक्षिसाचा स्टीलचा डबा आणि दुधी त्यांच्या मांडीवर होते. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"आता कशाला घाबरतोस?" ते म्हणाले. "उतरला ना खाली दुधी?"

मी डॉक्टरांना फोन लावायला मोबाइल काढला, आणि नंबर तीनदा चुकला.