प्रॉम्प्टरांचा मोर्चा क्लास

प्रॉम्प्टर जन्मात कधी मोठ्याने बोलले नाहीत. भाजीवालीशी घासाघीस कुजबुजत, रिक्षावाल्याशी भांडण कुजबुजत, आणि शिंक आली तर ती रुमालात अशी दाबायचे की शेजारच्याला वाटावं, यांनी आपल्याला काहीतरी गुपित सांगितलं. अशा माणसाने बोईसर स्टेशनाबाहेर, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत, घोषणा कशा द्याव्यात हे शिकवण्याचा क्लास काढला होता. तेव्हा बोईसरात रोज काहीतरी निघायचं. आज कारखाना, उद्या खानावळ, परवा टायपिंगचा क्लास. त्यात हा एक निघाला, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. मला वाटलं, कारण मी तिथे नोकरीला होते.

आडनाव होतं त्यांना, पण ते पोस्टमनलासुद्धा आठवत नसे. पालघरच्या हौशी नाटक मंडळींत त्यांनी तारुण्य विंगेत उभं राहून घालवलं. दुसऱ्यांची वाक्यं पुरवली, टाळ्या दुसऱ्यांनी घेतल्या, आणि रंगमंचावर यांचं पाऊल एकदाही पडलं नाही. मग कधीतरी कुठल्याशा कामासाठी ते एका कचेरीत बसलेले असताना गावकऱ्यांचं शिष्टमंडळ आलं. पाच धट्टेकट्टे बाप्ये साहेबांसमोर उभे राहिले, एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, आणि "नमस्कार, येतो" म्हणून बाहेर पडले. प्रॉम्प्टर मला ही गोष्ट सांगताना अजून हळहळायचे. "पात्रं उत्तम होती हो," म्हणायचे, "प्रॉम्प्टर नव्हता."

झालं, क्लास निघाला. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे निवेदन, शिष्टमंडळ, धरणे व मोर्चा शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकवला जाईल.' पहिल्या महिन्यात चौकशीला आले ते सगळे आईबाप. सर्टिफिकेट मिळाल्यावर पोरगा कंपनीत लागेल का, एवढंच विचारायचे. एक पांढऱ्या कपड्यांतले भावी सरपंच आले. त्यांना फक्त उपोषण शिकायचं होतं, आणि दुपारच्या जेवणाची सोय क्लासतर्फे आहे का, तेही विचारून गेले.

माझी नोकरी सांगते. जाहिरात होती, 'पाहिजे: स्त्री अथवा पुरुष, चेहऱ्यावर भाव नसलेला.' माझा नवरा कारखान्यात शिफ्टला, मी घरी भिंतींकडे बघत बसलेली. म्हटलं, आपल्याला यापेक्षा जास्त कोण लायक? गेले. प्रॉम्प्टरांनी मला निरखून बघितलं आणि कुजबुजले, "वा! उत्तम." माझं काम साहेब व्हायचं. खोलीत एक टेबल, त्यावर घंटी, मागे खुर्ची. विद्यार्थी समोर येऊन मागणी मांडायचे आणि मी त्यांना हाकलायचं. "उद्या या." "हे आमच्या खात्याकडे येत नाही." "साहेब मीटिंगमध्ये आहेत." साहेब मीच, आणि मीच हे सांगायचं! प्रॉम्प्टर विद्यार्थ्यांच्या मागे उभे राहून त्यांना वाक्यं पुरवायचे आणि मधूनच मान वाकवून मला सांगायचे, "घड्याळ बघा, घड्याळ. जांभई राहिली." चार महिन्यांत मी इतकी तयार झाले की घरी नवऱ्याने भाजी वाढ म्हटलं तरी मी आधी खिडकीबाहेर बघायची. तेव्हापासून ते मला 'साहेब'च म्हणायला लागले. भर बाजारात माझ्या नवऱ्याला विचारायचे, "आमचे साहेब बरे आहेत ना?" लोक टकामका बघायचे.

पहिली तुकडी वाणगावकडच्या पोरांची होती. त्यांना एसटीचा थांबा हवा होता. तालीम जोरात झाली, म्हणजे जोरात नाही, तिथेच तर घोटाळा. खालचा सायकलवाला आरडाओरडा झाला की छताला पाना ठोकायचा, म्हणून प्रॉम्प्टरांनी घोषणा हळू आवाजात शिकवल्या. सर हळू म्हणतात म्हणजे हळूच म्हणायच्या असतात, असं पोरांनी धरलं. मोर्चा निघाला तो कुजबुजत! "थांबा मिळालाच पाहिजे," असं सगळे एका सुरात पुटपुटत चाललेले, माना खाली. समोरून एसटी आली, तर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन टोपी काढली. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. गाडी थांबली म्हणून पोरं खूश, आणि प्रॉम्प्टर माझ्या कानात म्हणतात, "परिणाम झाला, साहेब."

हसू नका. माणसाला कळत होतं बरंच. "मागणी एकच ठेवा," ते सांगायचे, "दोन केल्यात की ते सोपी निवडतात." किंवा, "साहेबाला घाबरायचं कशाला? घरी त्याचीही दाढ दुखते." चहा आला तर प्यावा, असं त्यांचं मत होतं, कारण चहा सरकारचा नसतो, चहावाल्याचा असतो. खुर्ची दिली तर मात्र बसायचं नाही.

अशात खाडीकाठच्या एका गावातल्या बायका आल्या. त्यांची पुढारी गौरीबाय, सुके बोंबील विकणारी, आवाज असा की सायकलवाल्याने पाना ठोकायचं सोडून दिलं. त्यांच्या गावची विहीर बाटली होती. कारखान्यांच्या वसाहतीतून कुणीतरी घाण पाणी सोडायचं, ते झिरपत विहिरीत आलं, पाण्याला वास मारायला लागला. पोरांच्या अंगावर चट्टे उठले. गौरीबायच्या नातीने तर खाजवून खाजवून पाय सोलून काढले होते. तिला कडेवर घेऊनच ती क्लासला यायची. आणि कारखान्यांना जाणारी चांगल्या पाण्याची पाइपलाइन त्यांच्या गावाला लागूनच गेलेली. "आमाला त्याच्यातला एक नळ पायजे," गौरीबाय म्हणाली, "बाकी काय नाय." मागणी एकच. प्रॉम्प्टर खूश झाले. फी म्हणून त्यांनी बोंबील घेतले आणि आम्ही तालमीला लागलो.

मी त्या बायकांना महिनाभर नाही म्हटलं. किती तऱ्हांनी म्हटलं, विचारू नका. ती पोर माझ्याकडे बघत पाय खाजवत असायची आणि मी म्हणायची, "तरतूद नाही." मेलं, रात्री जेवण जात नसे. पण बायका तयार झाल्या. पहिल्या नाहीला काय बोलायचं, दुसऱ्या नाहीला काय, सगळं तोंडपाठ.

मग आम्ही एसटीने पालघरला गेलो. प्रॉम्प्टर वाक्यं पुरवायला, मी खरा साहेब बघून घ्यायला. कचेरीचं नाव सांगत नाही, तो माणूस अजून पेन्शन खात असेल. बायका शिकवल्याप्रमाणे खुर्च्या सोडून खाली जमिनीवर बसल्या, प्रॉम्प्टर आणि मी पडवीत खिडकीशी उभे राहिलो, आणि गौरीबायने मागणी मांडली. साहेबांनी हात जोडले, हसले आणि म्हणाले, "हो! का नाही? नक्की होणार. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो."

आता आली का पंचाईत? 'हो'ची तालीम आमच्याकडे झालीच नव्हती! बायका प्रॉम्प्टरांकडे बघतात, प्रॉम्प्टर माझ्याकडे. शेवटी खिडकीआडून ते कुजबुजले, "आभार माना आणि उठा." आभार मानले, साहेबांना नारळ दिला, गात गात घरी आलो. पुढच्या आठवड्यात माणूस आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. परत गेलो, परत हो. तिसऱ्यांदा गेलो तर साहेब जास्तच प्रेमाने हो म्हणाले. मी इतके दिवस नाही म्हणायला शिकले, आणि हा बाबा 'हो' म्हणून तेच काम करत होता! मी प्रॉम्प्टरांना म्हटलं, "हा माझ्याहून कितीतरी चांगला साहेब आहे." त्यांनी मान डोलावली, पण चेहरा उतरला होता.

क्लासात नवा धडा सुरू झाला. मी गोड हसून हो म्हणायला शिकले. "होणार, होणार. तुमचं काम नाही करायचं तर कुणाचं?" प्रॉम्प्टरांनी बायकांसाठी उत्तर बसवलं: हो म्हटलं की तारीख मागायची, तारीख मिळाली की उठायचं.

चौथ्यांदा गेलो. साहेब हो म्हणाले. गौरीबायने तारीख मागितली. साहेबांनी ताबडतोब दिली, एक सोडून दोन दिल्या. खिडकीआडून प्रॉम्प्टर कुजबुजले, "उठा."

कुणी उठलं नाही.

"उठा, उठा," ते परत कुजबुजले.

गौरीबायने मागे न बघताच सांगितलं, "मास्तर, तुमी गप ऱ्हा जरा." मग साहेबांना म्हणाली, "सायेब, तुमी हो बोलले ना? मग आमी इथंच बसतो. पानी येल तवा उठू." आणि बाहेर येऊन सगळ्या जणी कचेरीच्या पडवीत फतकल मारून बसल्या. बोंबलांच्या टोपल्या सोबत होत्याच, तिथून त्यांना बाजाराला जायचं होतं. बाजार तिथेच मांडला. कचेरीत बोंबलांचा असा वास सुटला की साहेब नाकाला रुमाल लावून सह्या करायला लागले. संध्याकाळी कचेरी बंद झाली की बायका घरी, सकाळी कुलूप उघडायच्या आधी हजर. शिपाई गिऱ्हाईक झाले. शेवटी साहेबांनी स्वतः उभं राहून नळ टाकून घेतला, असं म्हणतात. पाणी आल्याचा निरोप आला आणि मगच त्या उठल्या.

बायका पडवीत बसल्या त्या पहिल्या दिवशी परतीच्या एसटीत प्रॉम्प्टर माझ्या शेजारी बसले होते. मला वाटलं, अपमान लागलाय. म्हटलं, "मनावर घेऊ नका हो." तर म्हणतात, "साहेब, आयुष्यभर वाट बघत होतो, कुणीतरी मला गप बसवेल म्हणून." डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही रडू आलं, आणि तालुक्याची सगळी एसटी आमच्याकडे बघत होती.

क्लास त्यानंतर फार चालला नाही. कसा चालणार? गौरीबाय गावोगाव बोंबील विकता विकता हे सगळं फुकट शिकवायला लागली. प्रॉम्प्टरांनी पाटी उतरवून ठेवली आणि बायका कुठे बसल्या की त्यांच्या मागे नाही, शेजारी जाऊन बसायला लागले, एक अक्षर न बोलता. रंगमंचावर आले म्हणायचे, एवढ्या वर्षांनी.

पुढे त्यांचं ते शेवटचं दुखणं आलं. मी पालघरला दवाखान्यात बघायला गेले. शेजारच्या खाटेवरचे म्हणत होते, बिचाऱ्यांचा आवाजच गेलाय. मी म्हटलं, गेला नाही, एवढाच होता. प्रॉम्प्टरांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "साहेब, मी घरी जाईन ना?"

"हो!" मी म्हणाले. "का नाही? नक्की जाणार. पुढच्या आठवड्यात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू हसले. "वा," म्हणाले, "आवाज अगदी बरोबर लागलाय."

तेव्हा मला कळलं, मी कुणाच्या आवाजात बोलले ते. मेली जीभ! मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या खाटेशी बसले. थोड्या वेळाने नर्स आली आणि म्हणाली, "बाई, भेटायची वेळ संपली, उठा आता."

मी उठले नाही.