नातीचा कोर्स आन् माझी गोळी

मोहफुलं कितीबी वेचा, टोपली भरेपर्यंत झाडाखाली अजून पडलेलीच असतात. आमच्या घरचे किस्से तसेच. नात करुणा बारावी झाली. चंद्रपूरला जाऊन नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करू का नको, असं तिनं एकदाच विचारलं, आन् अख्खं गाव डॉक्टर झालं!

*

शेजारचा मारोती म्हणे, "बाई, रक्त पाहून तुले चक्कर येईन."

दुसऱ्याच दिवशी त्याच्याच पायात बाभळीचा काटा घुसला. करुणानं सुईनं काढला. रक्ताचा एक थेंब निघाला, आन् मारोती आडवा!

पाणी मारून उठवला, तर मले म्हणते, "पाह्यलं भाऊ? मी म्हटलंच होतं, चक्कर येते."

*

माझ्या बायकोचा वेगळाच राग. "लोकायचं हागणं-मुतणं काढशील काय वं?"

करुणा भात वाढत होती. "आजी, आबा तापानं पडले होते, तेव्हा कोणं काढलं?"

"ते घरचं होय."

"घरचं काय अत्तर असते?"

मी ताट घेऊन बाहेर गेलो. जेवू तर द्या!

*

मले बीपी. गोळी गिळायचा कंटाळा, म्हणून गुळात दाबून बकरीले चारायचो. कोणाले पत्ता नाई, असं मले वाटे.

एक दिवस करुणानं गावातल्या आशाताईची बीपी मोजायची मशीन मागून आणली, माझ्या दंडाले बांधली आन् आकडा पाहून म्हणे, "आबा, बकरी तर मस्त दिसून राह्यली. तुमचाच बीपी काऊन वाढला?"

*

बॅग भरली, आन् निघायच्या आदल्या दिवशी पोरगी अडून बसली. भांडे घासता घासता आजीले सांगे, "मी नाई जात. मी गेल्यावर आबा गोळी खातीन काय? मरतीन एखाद दिवशी."

माझं डोकं फिरलं. सकाळी तिले धरून टपरीवर नेलं. सगळ्यायसमोर गोळी तोंडात टाकली, चहासंग गिळली आन् मारोतीपुढं तोंड वासलं. "पाह्य बे नीट! जिभीखाली पाह्य! सांग हिले!"

मारोतीनं वाकून पाह्यलं. "भाऊ, दात नाईत."

"दात कोण विचारून राह्यलं तुले!"

पोरगी हसली. हसतच बसमध्ये चढली.

*

आता रोज चंद्रपूरहून फोन.

"आबा, गोळी घेतली?"

"घेतली ना."

"बकरीले द्या फोन."

दिला. बकरीनं चांगलं लांब 'बेंऽऽ' केलं.

तिकडून पोरगी म्हणे, "बरं. बकरी गूळ मागून राह्यली. म्हंजे खरं बोलून राह्यले तुम्ही."