स्नेहलचा मूळ दाखला माझ्या पर्समध्ये आहे

मंडळी, आज जे करून आले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी सोलापूरहून रोज वैरागजवळच्या एका छोट्या कॉलेजात शिकवायला जाते. यंदा पट घटलाय, तुकडी बंद पडायची भीती आहे. म्हणून आम्ही प्राध्यापक घरोघरी फिरून प्रवेश गोळा करतोय. पोरं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून बारावीचा मूळ दाखलाच घेऊन यायचा, ही आमची रीत.

आज स्नेहलच्या घरी गेले. पोरगी हुशार, पुण्याच्या मोठ्या विद्यापीठात बीएस्सीला नंबर लागलाय.

तिनं विचारलं, "मॅडम, पुण्यातली लॅब लई मोठी असती म्हणं?"

"अगं, प्रयोग सगळीकडं सारखेच," मी म्हणाले. आमच्या लॅबमध्ये धड चालणारा मायक्रोस्कोप एकच आहे.

वडील म्हणाले, "मॅडम, तुमी पोरीचं वाईट सांगणार न्हाय. हितंच शिकू दे की." आणि कपाटातून दाखला काढून माझ्या हातात दिला. स्नेहल चहाचे कप उचलून आत गेली.

छोटं कॉलेज वाईट नसतं. मीही तसल्याच कॉलेजात शिकले. पण आज मी विचार तिचा केला नाही, माझ्या नोकरीचा केला.

पुण्याची मुदत परवा संपते. आत्ता तिचा मेसेज आलाय: "मॅडम, दाखल्याची झेरॉक्स पाठवता का? पुण्याला तेवढ्यावर चालतं का विचारून बघते."

चालत नाही, हे मला माहीत आहे.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?