पारोशी चूल

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या सोलापूरच्या कॉलेजनं बार्शीकडच्या एका पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन काढलं. मी नुकतीच बी.ए. झाले होते. वडिलांनी माझ्यासाठी केम गावच्या शाळेत बाईंची जागा बघून ठेवली होती, आणि मला तर खड्डाच हवा होता! मेसोपोटेमियातली टेकाडं खणून आलेले एक बडे सर पाहणीला येणार होते. त्यांना माझं काम पसंत पडलं तर हंगामभर खड्डा माझा, नाहीतर केम.

माझ्या खड्ड्यात निघत काय होतं? राख! इतरांना रंगीत खापरं, मणी, आणि मी आपली राखेत बसलेली. सर येण्याच्या आदल्या दुपारी मात्र त्या राखेखालून अख्खी चूल निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीची! मी खड्ड्यातच नाचले.

सकाळी बघते तर चूल शेणानं झकास सारवलेली. वर रांगोळी, हळदकुंकू. माझ्या खड्ड्यावर माती उचलणारी मावशी शेजारी कौतुकानं उभी.

"मावशी, हे काय केलंत!"

"आता गं! पावनं यायचं म्हटल्यावर चूल पारोशी ठिवू व्हय? लई दिसांची तशीच पडलेली की!"

मला रडू यायला हवं होतं. आलं हसू. तेवढ्यात जीप आली, सर उतरले आणि चुलीपुढे उकिडवे बसले. माझं हसू काही थांबेना.

सरांनी चाकूनं चुलीची कड अलगद तासली. आत पापुद्र्यावर पापुद्रे, सगळी जुनी सारवणं.

"त्या काळच्या बायाही हेच करत होत्या," ते म्हणाले. "आजचा थरसुद्धा रेखाटनात दाखवा."

"म्हणजे मी राहू, सर?"

"मग हे शेण कोण काढणार? खालच्या सारवणाला धक्का न लावता, ब्रशनं. हंगाम जाईल त्यात तुमचा."

मी मावशीला कडकडून मिठी मारली. तिला काहीच कळलं नव्हतं.

"सोड की पोरी," ती म्हणाली, "हात शेणाचं हायेत माजं."


मी सोडलं नाही.