दाबलेला आवाज
बल्गेरियातल्या रुसे शहरातला ओग्न्यान फोनवरच्या आवाजाचा डेटा दाबून लहान करणारा एन्कोडर प्रोग्राम लिहायचा. संकटातल्या बायकांच्या हेल्पलाइनला तो जलद हवा होता. अगदी हळू आवाज म्हणजे बोलणं की शांतता, हे तपासण्यात वेळ जातो, म्हणून ओग्न्यानने ती तपासणीच काढून टाकली. वेग दुप्पट झाला.

"लेका, कमाल केलीस!" म्हणत साहेबीण झ्द्राव्काने राकिया ही फळांची दारू पाजली.

त्या हिवाळ्यात नवऱ्याच्या धाकाने एका बाईने कुजबुजत पत्ता सांगितला. एन्कोडरने ती कुजबुज शांतता समजून गाळली आणि हेल्पलाइनला काहीच ऐकू आलं नाही. बाई जिवानिशी गेली. तिच्या मोबाइलमधलं मूळ रेकॉर्डिंग ओग्न्यानने ऐकलं. पत्ता स्पष्ट होता.

"तुझ्या एकट्याची चूक नाही रे," झ्द्राव्का म्हणाली.

"तपासणी काढली कुणी? मीच ना?"

त्याने ती परत घातली. पण पुढे घरात बायको जरा हळू बोलली, की तो ओरडायचा, "मोठ्याने बोल गं!"