आखूड कापलेल्या काड्या

कालपासून राग जात नाही. कुणाला सांगणं जमत नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहिते.

माझे मालक, म्हणजे मुलीचे वडील, हैदराबादला गिटारीच्या कारखान्यात कामाला होते. आता औरादला घरीच गिटारी करतात. गिटारीच्या पोटाच्या बाजूंचं काम माझं. बाजूची फळी भाकरीपेक्षा पातळ. ओली करून गरम पाइपावर वाकवली की आकार येतो, पण जोर येत नाही. अंगठ्याने दाबली तर आत जाते. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की चीर लाकडाच्या रेषेबरोबर पळते. म्हणून आतून उभ्या काड्या सरसाने चिकटवायच्या. काडीची दोन्ही टोकं बाजूच्या वरच्या-खालच्या काठाला आतून लावलेल्या पट्टीत खाच करून बसवायची. काडी मध्येच संपली, तर तिच्या टोकाशीच फळी चिरते. हे मला मालकांनीच शिकवलं.

कलबुर्गीच्या एका संगीत मास्तरांची गिटार होती. त्यांचे घाईचे फोन येत होते. मी खाचा करत बसले होते.

"कामून येळ घालवायलीस? आत कोण बघायलंय?" मालक म्हणाले.

"टोकाला चिरंल."

"चौथी शिकलीस आन मला शिकवायलीस व्हय?"

माझ्या हातातल्या काड्या घेऊन त्यांनी आखूड कापल्या आणि चिकटवून टाकल्या.

काल मास्तर तीच गिटार घेऊन आले. बाजूला वीतभर चीर. मी चहा घेऊन दारात होते.

"सर, बाजू घरची करती," मालक म्हणाले. "बाईमाणूस. सरस कमी लावला आसंल."

मास्तर हसले. "काय अक्का, भाजीत मीठ तरी बरोबर पडतंय न्हवं?"

कप ठेवून मी आत गेले. परक्या माणसासमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, हे मालकांना माहीत आहे. त्याच भरवशावर ते बोलले. याचाच राग जास्त आहे.

मास्तर गिटार ठेवून गेल्यावर मी बॅटरी लावून आरशाने आत बघितलं. सगळ्या काड्यांची टोकं एका ओळीत, आणि चीर त्याच ओळीत.

"उद्या चिकटवून टाक," मालक म्हणाले.

"टाकते. आधी मास्तरला फोन करा. काड्या तुम्ही कापल्या म्हणून सांगा."

"याड लागलंय का? गिऱ्हाईक जाईल."

"मग तुम्हीच चिकटवा."

गिटारीच्या भोकातून माझाच हात बाजूपर्यंत पोचतो. त्यांचा मनगटाच्या वर अडकतो. आज सकाळी त्यांनी तीनदा हात घातला. तिसऱ्यांदा कातडी सोलली. मी ज्वारी निवडत होते. उठले नाही.

शेवटी ते मास्तरांना फोन लावत अंगणात गेले, पार भिंतीपाशी, माझ्याकडे पाठ करून. काय बोलायलेत ते ऐकू येईना.

मी सूप खाली ठेवलं आणि दारात जाऊन उभी राहिले.

"इथं येऊन बोला," मी म्हणाले.